ऱ्हस्व उकाराचा दगड

ओळीतली सहा वांगी एकतीस ते चौतीस सेंटिमीटर उंच होती. सातवं रोप एकोणीस. बी एकाच पुडीतलं, पाणी एकाच झारीतलं, ऊन सगळ्यांना सारखं. नऊ दिवस मी रोज सकाळी सव्वासातला मोजपट्टी लावून वहीत आकडे लिहिले. सहा रोपं वाढत होती, सातवं एकोणीसवर हटून बसलं होतं. पानांवर कीड नव्हती, खोडावर डाग नव्हता. तेव्हा कारण मुळाखाली असणार, असा निष्कर्ष मी काढला आणि तो बरोबर निघाला. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. एक खुरटं वांगं सहन करणं काही फार अवघड नाही. पण पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत मी छत्तीस वर्षं काढली आहेत. रांगेतला एखादा आकडा वेगळा निघाला की तो का, हे कळेपर्यंत मला चहा गोड लागत नाही.

रोप मातीच्या गोळ्यासकट अलगद काढून बादलीत ठेवलं आणि कुदळ घेतली. चौदा सेंटिमीटरवर ती खणकन वाजली.

"काय लागलं?" कुंपणावरून विचारणा झाली.

शेजारच्या वहिनींना मी मनातल्या मनात कुंपणवहिनी म्हणते. बारा वर्षांच्या शेजारात मी त्यांना हनुवटीखाली फारशी पाहिलेलीच नाही. कुंपण माझ्या खांद्याइतकं उंच आहे आणि त्यांचा चेहरा त्यावर सकाळी सात ते संध्याकाळी सात ठेवलेला असतो.

"दगड आहे."

"मग पहारीने काढा. कुदळीने दगड निघत नसतो, कुदळच मोडते. आमच्या ह्यांनी दोन मोडल्या. आणि वांगी कशाला लावता हो तिथे? वांग्याला नदीचा वारा सोसत नाही. भोपळा सोडा खुशाल."

"बघते," मी म्हणाले.

'बघते' हा माझा आवडता शब्द आहे. त्यात होकार नाही, नकार नाही आणि भांडणही नाही. मात्र तो फार वापरला की काय होतं, ते पुढे येईलच.

मी शांतपणे दुसरा घाव घातला. शांतपणे घातलेला घाव नेमका बसतो. तोही बसला. दगडाच्या उभ्या अंगावरची एक कपची उडून झारीवर आपटली, आणि ती जिथून उडाली त्याच्या डावीकडे अक्षरं दिसली. दगड हलवून पाहिला. ढिम्म. बुडाशी चुन्यात पक्का बसवलेला होता. समोरची माती हाताने उकरली. अक्षरांच्या खाली एक आडवी रेघ कोरलेली होती, आणि ती इतकी सरळ होती की मला त्या अनोळखी कारागिराबद्दल एकदम आदर वाटला.

मी आमच्या मास्तरांना हाक मारली. हे शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवत होते, त्यामुळे गाव त्यांना मास्तर म्हणतं आणि मीही लोकांशी बोलताना तसंच म्हणते. समोर अर्थातच 'अहो'. आमच्या घरात कामाची वाटणी स्पष्ट आहे: आकडे माझे, अक्षरं त्यांची. वाणसामानाच्या यादीतसुद्धा 'दोन किलो' मी लिहिते आणि त्यापुढचं ते तपासतात.

मास्तर चष्मा पुसत आले, खड्ड्याशी उकिडवे बसले आणि ओल्या फडक्याने दगडाचं तोंड पुसून मोठ्याने वाचू लागले.

"पु... र... रे. पुढचं अक्षर उडालंय." त्यांनी वर बघितलं. "कुणी उडवलं?"

मी झारीकडे बघितलं.

"पुराची रेघ असेल," कुंपणवहिनी म्हणाल्या. "तो मोठा पूर आला होता ना, तेव्हाची. मी नवी नवरी होते. आमच्या जुन्या घराच्या दारात होडी आली होती."

मास्तरांनी त्यांच्याकडे वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघावं तसं बघितलं.

"वहिनी, नदीला येतो तो पूर. त्याला दुसरा उकार. दीर्घ. हा बघा, पहिला उकार आहे. ऱ्हस्व पुर म्हणजे नगर."

"चुकला असेल हो कोरणारा."

"दगडावर? वहिनी, छिन्नी उचलण्याआधी माणूस दहादा विचार करतो. दगडाला खोडरबर चालत नाही."

खरं सांगायचं तर माझ्याही मनात पुराचंच आलं होतं. आमच्या खात्याने कधीकाळी नदीकाठाने पुराच्या खुणेचे दगड बसवले होते, हे मला चांगलंच माहीत होतं. पण ते दगड खात्याचे. खात्याच्या दगडावर शुद्धलेखनाची चूक असणार नाही, असं मला वाटलं. त्या खात्यात छत्तीस वर्षं काढूनही असं वाटलं, हे विशेष. शिवाय प्रश्न अक्षरांचा होता आणि अक्षरं माझ्याकडे नव्हती. मी कुदळीची माती पुसायला घेतली.

तासाभरात घड्याळजी आले. बाजारातल्या त्यांच्या दुकानात सतरा घड्याळं टांगलेली आहेत आणि ती सतरा वेळा दाखवतात. पण ते गावच्या इतिहास मंडळाचे चिटणीस असल्यामुळे त्यांचं लक्ष तास-मिनिटांवर नसून शतकांवर असतं. त्यांनी डोळ्याला लावायचं भिंग लावलं, दगडाला नाक टेकवलं आणि जाहीर केलं, "चारशे वर्षं. एक दिवस कमी नाही."

"कशावरून?" मी विचारलं.

"वहिनी, दगडाकडे बघितलं की कळतं."

माझ्या प्रयोगशाळेत कुणी असं उत्तर दिलं असतं तर त्याला मी महिनाभर बाटल्या धुवायला बसवलं असतं.

"पुर रेखा!" घड्याळजी म्हणाले. "नगराची सीमा. मास्तर, आपलं गाव खेडं नव्हतं हो, नगर होतं! वेशीच्या आत-बाहेरची रेघ आखलेलं नगर! आणि वहिनी, ते 'खा'..." त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "चारशे वर्षं ऊनपावसात टिकलेलं अक्षर तुम्ही वांग्यासाठी उडवलंत."

त्या दिवसापासून गावात मी 'खा उडवणाऱ्या बाई' झाले. छत्तीस वर्षं मी या गावाला पाणी तपासून पाजलं. त्याबद्दल मला कुणी काही म्हटल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या वांग्यांभोवती दोरी बांधली गेली आणि पाटी लागली: 'येथे खोदकाम करू नये. आदेशावरून.' कुणाच्या आदेशावरून ते लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे हुज्जत घालायलाही कुणी सापडेना. सहा वांगी दोरीच्या आत होती. त्यांना बाहेरून, हात लांबवून पाणी घालायची मुभा होती. सातवं बादलीतच होतं. लोक बघायला येत. एका गृहस्थांनी मला माझ्याच बागेत विचारलं, "बाई, तुम्ही रांगेत आहात का?"

मास्तरांना मात्र पालवी फुटली. निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत त्यांना कुणी एक शब्द विचारला नव्हता. दुकानांच्या पाट्या वाचून ते रस्त्याने कण्हत चालायचे, एवढाच काय तो भाषेशी संबंध उरला होता. आता रोज कुणी ना कुणी येऊन ऱ्हस्व-दीर्घ समजून घेऊ लागलं. मंडळाने त्यांच्याकडून पुस्तिका लिहून मागितली. ते सकाळी सहाला उठून लिहायला बसू लागले, आणि लिहिता लिहिता शीळ घालू लागले. अडतीस वर्षांच्या संसारात ह्यांना शीळ येते हे मला माहीत नव्हतं.

मला फक्त सातव्या वांग्यासाठी दोरीबाहेर एक खड्डा हवा होता. पण पाटी लागलेल्या आवारात कुठेही खणायचं तर नगरपालिकेचं ना-हरकत पत्र लागतं, असं कळलं. मी गेले. अर्जात रकाने होते: जागा, हेतू, लांबी, रुंदी, खोली. मी स्वच्छ अक्षरात भरलं. जागा: घरामागची बाग. हेतू: वांगी. लांबी, रुंदी, खोली: प्रत्येकी वीस सेंटिमीटर.

तिसऱ्या खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला. मग पुन्हा वाचला.

"खोली एकच?"

"एकच. सातव्यापुरती. बाकीची सहा आधीपासून आहेत."

"सहा खोल्या आहेत, तरी सातवी?"

"सहा वांगी आहेत."

"आणि खोली वीस सेंटिमीटरची? त्यात माणूस राहणार कसा, मॅडम?"

"माणूस नाही. वांगं."

त्याने शिक्क्याची पेटी पुढे ओढली. "म्हणजे गोदाम," तो म्हणाला, आणि अर्जावर बांधकाम विभागाचा शिक्का मारला.

बांधकाम विभागाने हरकत घेतली की गोदामाला खिडकी दाखवलेली नाही. मी दोनदा समजावून सांगितलं. तिसऱ्या वेळी समजावायला उभी राहिले तेव्हा साहेब अतिशय सौम्यपणे म्हणाले, "बाई, आम्ही तुमच्याच बाजूचे आहोत. वांगी ठेवायची तर हवा खेळती हवी." शिवाय जागेचा जुना नकाशा जोडायचा होता. तो जुन्या कागदांच्या खोलीत मिळणार होता. ती मात्र खरोखरची खोली निघाली.

तिथल्या बाई तोंडाला रुमाल बांधून धुळीत बसलेल्या होत्या. मी गल्लीचं नाव सांगताच त्यांचे डोळे चमकले.

"दगडवाल्या तुम्हीच का? फार बरं झालं बघा! तुमच्या बागेखालची, नदीकडची मोकळी जागा आहे ना, तिची फाइल दहा वर्षं अडली होती. बालवाडी बांधायची आहे तिथे. पण कुणीतरी जुना शेरा मारून ठेवलेला, की पूररेषेच्या आत बांधकाम नको. आता ती रेषा कुठे, ते कुणालाच माहीत नाही! दगड म्हणे होते, गेले कुठेकुठे. तुमचा दगड सापडला तेव्हा नगरपालिकेच्या अध्यक्षबाईंना शंका आली, हाच तर नसेल? पण मास्तरांनी लिहून दिलं की हा पूर नव्हे, नगर. शेरा निघाला. या महिन्यात पायाभरणी. तुमचा दगड उचलून बालवाडीच्या फाटकाशी बसवणार आहेत. घ्या, नकाशा याच फाइलीत असेल."

मी फाइल उघडली. नकाशा होता. नकाशाच्या मागे टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती. वाचली.

'दगड कोरणाऱ्यास. नग अकरा. प्रत्येकावर आडवी रेघ काढून तिच्यावर "पुर रेषा" असे कोरावे. दगड मी ठोकलेल्या खुंटीच्याच जागी व रेघ खुंटीवरच्या खुणेच्याच उंचीवर बसली पाहिजे. एक बोटही इकडेतिकडे चालणार नाही.'

'एक बोटही' या शब्दांखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या. 'पुर' या शब्दाखाली काहीच नव्हतं. सर्वात खाली सही होती. सही माझी होती.

"पाणी देऊ का, बाई?" कागदांच्या बाई म्हणाल्या. मी पाणी प्यायले. चवीवरून क्लोरीन थोडं जास्त होतं.

एकेचाळीस वर्षांपूर्वी नोकरीला लागून मला सहा महिने झाले होते. पूर ओसरला आणि खात्याचे साहेब तापाने आडवे झाले. मोजणीला माणूस कमी, म्हणून प्रयोगशाळेतल्या सर्वात नव्या मुलीला मोजणीची काठी देऊन चिखलात उतरवलं. तेव्हा या भागात गल्ली नव्हती, झुडपं होती. चार दिवस मी झाडाझाडावरच्या गाळाच्या खुणा मोजल्या आणि अकरा ठिकाणी खुंट्या ठोकल्या. कोरण्याचा मजकूर कुणीतरी ठरवायचा होता. साहेबांना ताप होता, मी ठरवला आणि पार विसरून गेले. दगड बसले तेव्हा मी प्रयोगशाळेत परत गेले होते. मास्तर या गावात आले ते त्यानंतर तीन वर्षांनी.

चूक का झाली, तेही मला तिथेच, त्या धुळीत कळलं. पुराचं पाणी, पुरात, पुराने, पुरामुळे, सगळीकडे पहिला उकार. चार दिवस मी हेच शब्द अहवालात लिहीत होते. मग एकट्या 'पूर'नेच असं काय पुण्य केलं होतं की त्याला दुसरा द्यायचा? तर्क म्हणून यात मला आजही खोट दिसत नाही. भाषा तर्काने चालत नाही, हा भाषेचा दोष आहे. पण हे मास्तरांपुढे बोलायची सोय नव्हती.

पायाभरणीला एकोणीस दिवस होते. घरी आले तर टेबलावर नगरपालिकेचं संमतीपत्र पडलेलं. दगड माझ्या बागेतला, बाग माझ्या नावावर, तेव्हा तो उचलायला माझी सही हवी.

"करून टाक ना गं सही," मास्तर म्हणाले.

"बघते."

प्रश्न साधा होता. दगड उचलला की ती उंची गेली, अकरातली उरलेली शेवटची. आणि खालच्या जागेत रोज चाळीस लहान मुलं बसणार. उत्तरही साधं होतं. फक्त ते ज्या माणसाला द्यायचं तो समोर बसून शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी सुरुवात केली. "अहो, तो दगड..."

"तेच! मी तुला विचारणारच होतो. पुस्तिकेचं नाव 'एका ऱ्हस्व उकाराची साक्ष'. कसं वाटतं?"

"चांगलं आहे. पण समजा, एखाद्याच्या हातून चुकून..."

"दगडावर चुकून? अगं, इतका अडाणी माणूस असेल कोण?"

"असेल एखादा. शिकलेलासुद्धा असेल."

"मग त्याला माझ्यासमोर आणून उभा कर."

"बघते," मी म्हणाले.

असे सतरा दिवस गेले. मी रोज सकाळी ठरवत होते आणि रोज दुपारपर्यंत ढकलत होते. मास्तरांची पुस्तिका छापून आली. तिच्या पहिल्या पानावर 'हा दगड उजेडात आणणाऱ्या माझ्या पत्नीस' असं लिहिलेलं होतं. मी ते पान वाचलं आणि विहिरीत उडी मारावी असं वाटलं. पण आमच्याकडे विहीर नाही, नळ आहे.

निदान शंका तरी उरू नये म्हणून अठराव्या दिवशी मी मोजायचं ठरवलं. गवंड्याकडून चाळीस मीटर पारदर्शक नळी आणली आणि पाण्याने भरली. नळीच्या दोन्ही तोंडांशी पाणी एकाच पातळीवर राहतं. याला कुणाची पुस्तिका लागत नाही. पण दोन तोंडांना दोन माणसं लागतात.

"वहिनी, जरा येता का?"

कुंपणवहिनी फाटकातून आत आल्या आणि मी थक्क झाले. त्या जेमतेम माझ्या खांद्याला लागत होत्या. म्हणजे बारा वर्षं त्या स्टुलावर उभ्या होत्या.

"काय मोजायचंय?"

"बागेला पाणी किती लागतं ते."

"वांग्याला? नदीपर्यंत नळी नेऊन?" त्यांनी माझ्याकडे बारीक डोळ्यांनी बघितलं, पण नळीचं तोंड दगडावरच्या रेघेशी धरलं. मी दुसरं तोंड आणि मोजपट्टी घेऊन उतारावरून खालच्या मोकळ्या जागेत गेले. तिथे उद्याच्या खुर्च्या येऊन पडल्या होत्या आणि घड्याळजी हातात भाषणाचे कागद घेऊन खुर्च्यांना ओळीत बसवत होते.

"वहिनी, तुम्ही इथे? नळी कसली?"

मी उत्तर देणार तेवढ्यात वरून हाक आली, "धरू का सोडू?"

"धरा!" मी ओरडले.

वाऱ्याने त्यातलं काय वर नेलं कोण जाणे. वहिनींनी सोडली. एवढंच नाही, तर मी नळी मागते आहे असं समजून तिचं तोंड हवेत उंच धरून सोडली. नळीतलं पाणी शास्त्राप्रमाणे खाली आलं आणि माझ्या हातातल्या तोंडातून घड्याळजींच्या भाषणावर पडलं. चार शतकांची शाई एकमेकांत मिसळली.

"वहिनी," कागद झटकत घड्याळजी म्हणाले, "तुमचं माझ्या अक्षरांशी वैर आहे का?"

नळी पुन्हा भरली. तीन वेळा मोजलं. एकशे बासष्ट, एकशे एकसष्ट, एकशे बासष्ट. मग पुलाच्या पायरीवरून, जिथून खात्याची सगळी मापं सुरू होतात तिथून, टप्प्याटप्प्याने दगडापर्यंत पातळी आणली आणि फाइलीतल्या नकाशावरच्या आकड्याशी ताडून बघितली. फरक एक सेंटिमीटर. बावीस वर्षांच्या एका मुलीने गुडघाभर चिखलात, ओल्या कपड्यांत, अनोळखी काठीने घेतलेलं माप एकेचाळीस वर्षांनंतर बोटभरही हललं नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही, पण त्या पायरीवर मी पाच मिनिटं उगीचच बसून राहिले. इतका अभिमान मला निवृत्तीच्या दिवशीही वाटला नव्हता.

एकशे बासष्ट म्हणजे काय, ते मात्र खुर्च्यांकडे बघताना उमगलं. बालवाडीतलं सर्वात उंच मूल एक मीटर दहा सेंटिमीटर भरतं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी खालच्या जागेत कापडी छत लागलं आणि अर्धं गाव आलं. वर माझ्या बागेत चार मजूर पहारी घेऊन उभे होते. अध्यक्षबाईंनी संमतीपत्र उंच करून दाखवलं की दगड उचलायचा असं ठरलं होतं. संमतीपत्र माझ्या पर्समध्ये होतं. कोरं.

घड्याळजींनी कागदांशिवाय भाषण केलं, त्यामुळे गाव चारशेचं सातशे वर्षांचं झालं. मग मास्तर उठले. पस्तीस मिनिटं बोलले आणि एकही माणूस जागचा हलला नाही. ऱ्हस्व उकार कसा कोरणाऱ्याच्या मनगटातून उतरतो, हे त्यांनी हवेत बोटाने काढून दाखवलं. त्यांना इतकं देखणं मी कधी बघितलं नव्हतं. टाळ्या पडल्या तेव्हा मीही वाजवल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या.

"आता दगडाच्या मालकीणबाई दोन शब्द बोलतील," अध्यक्षबाई म्हणाल्या, "आणि आपल्या हाताने संमतीपत्र देतील."

मी उठले. घड्याळजी शेजारच्याला म्हणाले, "त्या बोलत नाहीत फारशा." खरं होतं. माईक माझ्या तोंडापेक्षा वर होता. तो खाली घेतला. समोर मास्तर पहिल्या खुर्चीत पुस्तिका मांडीवर ठेवून बसले होते आणि मला धीर यावा म्हणून मान हलवत होते. त्यांच्यामागे गुडघ्यांवर, कडेवर, खुर्च्यांच्या खाली त्या होऊ घातलेल्या बालवाडीची मुलं होती.

"दगडावर जो शब्द आहे," मी म्हणाले, "तो पूर आहे."

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. मास्तरांची मान हलायची थांबली. मग पस्तीस वर्षांच्या सवयीने, अगदी हळू, त्यांनी खुर्चीतूनच विचारलं, "ऱ्हस्व की दीर्घ?"

"दीर्घ. पण लिहिताना ऱ्हस्व लिहिला गेला. मी लिहिला. एकेचाळीस वर्षांपूर्वी, पूर ओसरल्यावर. दगड कोरणाऱ्याला चिठ्ठी मी दिली होती. ती फाइलीत आहे, खाली माझी सही आहे. पुढचं उडालेलं अक्षर 'खा' नव्हतं, 'षा' होतं. पूररेषा."

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं!" मागून कुंपणवहिनी ओरडल्या. त्या खुर्चीवर उभ्या होत्या.

घड्याळजींनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, जणू चूक त्याची होती. अध्यक्षबाई उभ्या राहिल्या, बसल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. मी फक्त मास्तरांकडे बघत होते. त्यांनी मांडीवरची पुस्तिका उचलली, तिच्या नावाकडे बराच वेळ बघितलं आणि ती उलटी करून ठेवली. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वर्गात एखाद्या मुलाने अगदी अनपेक्षित उत्तर दिलं की ते असंच करायचे म्हणे.

"आणि उंची?" त्यांनी विचारलं. या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मी पर्समधून संमतीपत्र काढलं, चार घड्या घातल्या आणि माईकशेजारी ठेवलं.

"आपण बसलो आहोत तिथे एक मीटर बासष्ट सेंटिमीटर पाणी होतं. तीनदा मोजलंय. शुद्धलेखन माझं चुकलं, उंची चुकलेली नाही. दगड मी देणार नाही, आणि बालवाडी इथे बांधायची नाही."